मोकळी झालेली गाडी

"पावणं, थांबा थांबा! आक्कांस्नी उतरवा खाली!" धैर्यशील मागच्या सीटवरून ओरडला.

समोर स्पीडब्रेकर होता. शेळीसुद्धा खाली न बघता ओलांडेल एवढाच. पण गाडी शर्यतीची दिसावी म्हणून धैर्यशीलनं तिच्या स्प्रिंगा कापून ती इतकी खाली बसवली होती की पोटाखालनं जायचं तर मुंगीलाही वाकावं लागलं असतं. ब्रेकर आला की माणसं उतरायची, गाडी पार व्हायची, माणसं पुन्हा बसायची. आक्काताई तर त्या रेसच्या सीटमधनं, विहिरीतनं कळशी ओढावी तशा, दर वेळी ओढून काढाव्या लागत होत्या.

"मीटर पावणेतीन लाख दावतंय," सोमेश स्टिअरिंगवरनं तोंड पाडून म्हणाला.

"नवी गाडी आखडलेली असती, पावणं. ही मोकळी झालीया. आन् एकहाती हाय. माझ्याबिगर हिला कुणाचा हात लागला न्हाय. बगा बाबा, सांजच्याला मलकापूरचं गिऱ्हाईक यायलंय."

तोंड पाडायचं हे घरीच ठरलं होतं. ह्या गाडीचा विक्रीचा व्हिडिओ बघितल्यापासनं सोमेशची झोप उडाली होती. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभा राहिला तरी कानात हिचाच सायलेन्सर घुमायचा. पण आवड दिसली की भाव चढतो. म्हणून निघताना त्यानं आईला, आक्काताईंना, पढवलं होतं, "गाडी आवडली तरी तोंड वाकडंच ठेवायचं. मी खोकलो की म्हणायचं, न्हाय घ्यायची, चल घरला. तू म्हणलीस म्हंजे मला सौदा मोडता येतोय."

आक्काताईंनी तोंड इतकं झकास वाकडं केलं होतं की धैर्यशीलनं मघाशी त्यांना दाढदुखीवर लवंग सुचवली होती.

त्या उतरून बाजूला झाल्या. धैर्यशील पुढं जाऊन, विमान उतरवावं तसे दोन्ही हात हलवायला लागला. गाडी ब्रेकरवर तिरकी चढली, घासली, सोमेशनं ॲक्सिलरेटर दाबला आणि सायलेन्सरमधनं सुतळी बॉम्बसारखा बार निघाला. गणपतीच्या देवळापुढं माळ ओढत बसलेले आजोबा एक पायरी खाली आले. बसल्या बसल्याच.

सोमेशचे डोळे चमकले. मग त्याला आठवलं, आणि त्यानं घाईघाईनं तोंड पाडलं.

काळा धूर जरा विरळ झाला तेव्हा आक्काताई बॉनेटपुढं उभ्या होत्या. पिशवीतनं लिंबू निघालं, टायरखाली गेलं. विभूतीची डबी निघाली. नारळ निघाला.

"आई, काय करालीस?"

"उद्या अवस हाय. मग कवा करू? गाडी आपसूक देवळापुढं थांबलीया."

सोमेश खोकला.

"धूर लई हाय रं, रुमाल लाव तोंडाला."

तो पुन्हा खोकला. इतका, की धैर्यशील पाण्याची बाटली घेऊन धावला. तेवढ्यात देवळाच्या पायरीवर नारळ फुटला.

धैर्यशीलच्या तोंडावर दिवाळी आली. "आता भाव कसला, पावणं? पूजा झाली की! अक्षता पडल्यावर कोण पोरगी बघायचा कार्यक्रम करतंय व्हय?"

आक्काताईंनी नारळाचं पाणी बॉनेटवर शिंपडलं, विभूतीत तीन बोटं बुडवली आणि डावीकडनं उजवीकडं ओढली. बोटांबरोबर बॉनेटही निघून आलं. म्हणजे धैर्यशील ज्याला सकाळपासनं 'कार्बनचं बॉनेट' म्हणत होता, ते चकचकीत काळं स्टिकर.

खाली लाल रंगाचं स्वस्तिक होतं.

आक्काताईंनी, दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तसं, नखानं आणखी खरवडलं. अजून एक पापुद्रा निघाला. त्याखाली हिरव्या आकड्यात ७८६. त्याच्या शेजारी निम्मं पुसलेलं 'आईचा आशीर्वाद'.

"एकहाती न्हवं का ही?" सोमेशनं विचारलं.

धैर्यशीलनं वाकून बारकाईनं बघितलं. "कंपनीतनंच आलंय ते."

एवढ्यात गाडीला एक उचकी लागली. मग दुसरी. मग ती बंद पडली. सोमेश खाली उतरला.

"इसावा घेतीया," धैर्यशील म्हणाला.

आक्काताईंचं तोंड आता न ठरवता वाकडं झालं होतं. "एवढ्या लोकांनी हिच्यावर देव बसवलं, आन् समदी हिला सोडून गेली?" त्यांनी नारळाच्या दोन्ही वाट्या पिशवीत टाकल्या. वाकून टायरपुढचं लिंबू काढलं. ते चिरडलंच नव्हतं. पदराला पुसून तेही पिशवीत गेलं.

"आवो आक्का, पूजा झालीया!"

"नारळ गणपतीला फुटला, बाबा. गाडी मधी आली."

आजोबा पुन्हा वरच्या पायरीवर जाऊन बसले. आक्काताईंनी पिशवी काखेत मारली, तोंड उघडायच्या तयारीत पोराकडं बघितलं आणि वाट बघत राहिल्या.

सोमेश गाडीकडं बघत होता.

"आता खोक की, सोम्या!"

सोमेशनं घसा साफ केला. गाडीत वाकून गिअर न्यूट्रलला टाकला, मागं गेला आणि डिकीला दोन्ही हात लावून उभा राहिला.

"धक्का मारल्यावर," त्यानं धैर्यशीलला विचारलं, "त्यो मघाचा आवाज परत येतोय न्हवं?"