बिनकामाचा प्रश्न

लहान मुलांच्या आईबापांवरचा ताण प्रश्नावलीतून नेमका कळतो का, हे डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात मारेन तपासत होती. 'बाळ गप्प असतानाही त्याचं रडणं ऐकू येतं का?' या प्रश्नाला झाडून सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं.

"काढून टाक बाई हा," तिचा सहकारी प्रेबेन म्हणाला. "सगळ्यांचं उत्तर एकच, मग कुणाचा ताण कमी, कुणाचा जास्त, ते कळणार कसं?"

"पण ऐकू येतं त्याचं काय?"

"पोरं मोठी झाली की थांबतं ते आपोआप."

मारेनने प्रश्न खोडला.

संध्याकाळी ती घरी आली, तर अंगणातून रडणं ऐकू येत होतं. कोटही न काढता ती बाबागाडीपाशी गेली आणि आवाज थांबेपर्यंत गाडी झुलवत राहिली.



मग तिने रिकाम्या गाडीतली दुलई सारखी केली. तिची लेक थीरा असती, तर यंदा शाळेत गेली असती.