गढीची पांढरी माती

"मातीचे थरच उरले नाहीत, गुरुजी," पुरातत्त्व खात्याचे साहेब खड्ड्यातून वर येत म्हणाले. "जुन्या वस्तू थरात सापडल्या तरच त्यांचं वय कळतं. अशी गढी आम्हाला राखता येत नाही."

अकरा वर्षं अर्ज लिहून गुरुजींनी त्यांना गावात आणलं होतं. आता सोमवारी गढी सपाट होऊन तिथे पाण्याची टाकी उभी राहणार होती.

"एवढी माती नेली तरी कुणी?" साहेबांनी विचारलं.

"घरोघर!" सरपंच हसले. "भिंतीला गढीच्या पांढऱ्या मातीसारखी माती नाही, साहेब. गुरुजींच्या आईनं तर टोपल्याच्या टोपल्या नेल्या. खणून हेच द्यायचे."

गुरुजींनी मान हलवली. लाज वाटायला हवी होती; काहीच वाटलं नाही.

घरी येऊन ते भिंतीशी बसले. पोपड्याखाली काळ्या खापराचा तुकडा दिसत होता. तो नखानं मोकळा केला.

"भिंत उकरू नका हो, सगळी खाली येईल," बायको आतून म्हणाली. "काय म्हणाले साहेब?"

"काही उरलं नाही, म्हणाले."

त्यांनी खापर पुन्हा तिथेच अंगठ्यानं दाबलं.