शून्याच्या डावीकडे

निलमबाईंनी बटण दाबलं आणि सगळा डोंगर लाल झाला.

"अहो बाई!" मुख्याध्यापक तातेराव खुर्चीतून अर्धे उठले. "डावी शेपटी लाल करायची म्हणलं होतं. वरच्या सायबाला वाटंल आख्खी शाळाच बुडाली."

"करूनच राहिले ना सर." निलमनं आलेख पुसला. पुन्हा सुरुवात.

नमुना वरून आला होता. चाचणीचे मार्क एक्सेलमध्ये भरा. सरासरी काढा. प्रमाण विचलन काढा, म्हणजे मार्क किती पसरलेत ते. त्यावरून घंटेच्या आकाराचा वक्र काढा, सरासरीतून विचलनाची दुप्पट वजा करून तिथं रेघ मारा आणि रेघेच्या डावीकडचा भाग लाल करा. लालमध्ये जेवढी पोरं, तेवढ्यांना हंगामी वसतिगृह. आईबाप ऊस तोडायला गेले की त्या पोरांनी इथंच राहायचं, खायचं, शिकायचं. लालमध्ये कुणी नसलं, तर वसतिगृह नाही. ज्यानं हा नमुना काढला त्यानं ऊसतोडीचं पोर कधी पाहिलं नसावं.

दाराजवळच्या बाकावर थावरा बसला होता. तांड्यावरचा. फाट्यावर मुकादमाचा ट्रक भरत होता. थावरा आणि त्याची बायको, मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता. घरात मागं राहायला म्हातारं माणूस नाही. त्याची पुजा चौथीत. वसतिगृह झालं तर ती इथं. नाही झालं तर ट्रकमध्ये, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीवर, धाकट्याला काखेत घेऊन.

"झालं का बाई? मुकादम फोनवर फोन करून राहिला."

"दम धर रे," तातेराव म्हणाले. "कंप्युटर हाय ते. ऊस न्हाई, हाणला कोयता का पडला."

निलमनं बाजूला दुसरा रकाना केला. वक्राचे रेघेच्या डावीकडचे आकडे तेवढे त्यात ठेवले, बाकी रिकामे सोडले. त्या रकान्याला लाल रंग दिला. आता बरोबर आलं. गुळगुळीत डोंगर आणि डाव्या टोकाला पातळ लाल शेपटी.

"वा!" तातेराव म्हणाले. "पुस्तकातल्यावानी आला. पाठवा."

निलम डोंगराकडं नाही, खालच्या आकड्यांकडं बघत होती.

"सर, ही लाल रेघ उणे अकरावर आलीय."

"म्हंजे?"

"म्हणजे लालमध्ये यायला पोराला शून्याच्याही खाली अकरा मार्क पडायला पाहिजेत."

तातेरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रेघ तिथंच होती.

शाळेत पोरांचे दोन ढीग होते. गावातली पोरं पन्नासपैकी चाळिसाच्या आसपास. तांड्यावरची, जी दरसाल अर्धं वर्ष फडावर असतात, ती पाच-सहावर. मधे कुणीच नाही. एक्सेलला ढीग दिसत नाहीत. त्यानं दोन्हींची सरासरी काढली आणि मधल्या मोकळ्या जागेवर डोंगर उभा केला.

थावरा उठून मागं येऊन उभा राहिला होता.

"ह्या उंचावर कोण हाय बाई?"

"कुणीच नाही."

"मंग उंच काहून?"

निलमनं माऊसचा बाण डोंगराच्या टोकावरून खाली आणला.

"आन् माझी पुजा?"

तिनं डोंगराच्या उतारावर बोट ठेवलं. पांढऱ्या भागात.

"पांढऱ्यात हाय? म्हंजे बराबर हाय ती?"

"चार मार्क आहेत तिला, थावराभाऊ."

"तेच तर म्हणून राहिलो. चारात लाल न्हाई, मंग कितीत?"

तातेरावांनी दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, तिचं शून्य करा. सही माझी हाय, मी बघतो."

निलमनं चाराचं शून्य केलं. लाल रेघ जराशी डावीकडं सरकली. मग तिनं तांड्यावरच्या सगळ्याच पोरांना शून्य टाकलं. सरासरी खाली गेली, पसारा वाढला, आणि रेघ आणखी डावीकडं गेली.

"पळून राहिली की ही," थावरा म्हणाला. "आमी जेवढं खाली, तेवढी ती म्होरं."

निलमनं खरे मार्क परत भरले. बटणं जोरात वाजत होती. "सर, मी साधा आलेख काढते. प्रत्येक पोराचा एकेक ठोकळा. दोन ढीग आंधळ्यालाही दिसतील. हाच पाठवू."

"नमुन्यात बसत न्हाई ते. वापस येईल."

"येऊ द्या वापस."

तिनं काढला. पाठवलाही. खाली लिहिलं, तुमच्या रेघेखाली पोर जन्माला यायचं आहे अजून. तातेरावांनी वाचलं, आणि खोडा म्हणाले नाहीत.

चहा यायच्या आत उत्तर आलं. वक्र नमुन्याप्रमाणे पाठवावा. अन्यथा शाळेत एकही पात्र विद्यार्थी नाही असे समजण्यात येईल.

"आन् नमुन्याप्रमाणं पाठवला तर?" थावरानं विचारलं.

"तरी तेच," निलम म्हणाली.

थावराचा फोन वाजला. त्यानं स्पीकरवरच उचलला.

"ओ थावरा! गाडी भरली ना बे. येऊन राहिला का न्हाई?"

"येऊन राहिलो."

"संगं कोण कोण?"

"बायको. बारकं लेकरू." तो थांबला. "पोरगी."

"पोरगी केवढी?"

"धा वर्साची हाय."

"स्वयपाक येते का तिला?"

थावरानं निलमबाईंकडं पाहिलं. मग फोन तोंडाशी नेला.

"येते," तो म्हणाला. "समदा येते."