नारिंगी गोळी

"सिगरेट सुटत नाही तुमची, निदान ही गोळी तरी घ्या," असं म्हणत शालनताई रोज सकाळी नवऱ्याच्या हातावर 'अ' जीवनसत्त्वाची नारिंगी गोळी ठेवत. सिगरेटपायी त्यांनी भांडणं केली, नवस केले, एकदा माहेरीही निघून गेल्या. जयवंतराव ढिम्म हलले नाहीत.

फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं, तेव्हा शालनताईंनीच भाबडेपणानं डॉक्टरांना गोळ्यांची बाटली दाखवली.

"या आजच बंद करा. गाजर, पालक खुशाल द्या. पण सिगरेट ओढणाऱ्याला गोळ्यांतल्या एवढ्या मोठ्या डोसानं धोका उलट वाढतो. अर्थात, मूळ कारण सिगरेटच."

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य जयवंतरावांनी कुणालाच सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्याला ते खोकत खोकत म्हणत, "काय करणार! बायकोनंच रोज हातानं विष चारलं." पाहुणे शालनताईंकडे बघत आणि त्यांनी दिलेला चहा तसाच ठेवून उठत.

एका दुपारी त्या पेज घेऊन आत निघाल्या, तर लेक दारात आडवी आली. सिगरेटवरून झालेलं प्रत्येक भांडण तिच्यासमोरच झालं होतं.

"आण इकडे," वाटी काढून घेत ती म्हणाली. "यापुढे बाबांना मी भरवेन."