गोंदणाची रांग

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. अंकुशनगरजवळचं एक उघडं माळरान. ऊसतोडीला आलेल्या माणसांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, तिथे दाटीवाटीने उभ्या आहेत. बाजारचा दिवस म्हणून तोड बंद. न्हाऊन केस मोकळे सोडलेल्या बायका उन्हाला पाठ देऊन रांगेत बसल्या आहेत आणि एकमेकींना चिडवत आहेत, कारण गोंदणारी आली आहे. तिच्यापुढे काजळाची वाटी आणि सगळ्यांसाठी एकच सुई. दिसलं? आता रांगेत हळूहळू मागे सरकणारी बाई पाहा. ती नंदाबाई.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. नंदाबाई एकटी होती आणि उषाबाईही एकटी. आष्टीच्या या दोघींनी मिळून एक कोयता केला होता. एक ऊस कापायची, दुसरी मोळी बांधायची. चूलही एकच.

“नंदे, पुढं ये की गं!” उषाबाईने हाक मारली. “दोघींच्या मनगटावर एकसारखी तुळस काढायची. मेल्यावर सोनं-नाणं हितंच राह्यतं, गोंदण तेवढं संग येतं.”

“मला सुईचं भ्या वाटतं, आक्का.”

“ऐका!” मालनबाई म्हणाली. “काल कोयत्यानं विंचू मारला हिनं, अन् आज सुईला भिऊन राह्यली!”

बायका खो खो हसल्या. नंदाबाईही हसली. पण पावसाळ्यात जालन्याच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी समजावलेलं तिला पाठ होतं. तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगावं, तर उषाबाई सोडून जाईल आणि अर्धा कोयता गावाकडे परत. नकोच म्हणावं, तर उषाबाई ऐकणार नाही. न सांगता बसावं, तर तीच सुई पुढच्या बाईला टोचणार. मग तिने मनाशी युक्ती काढली. आपण सगळ्यांच्या शेवटी बसायचं. आपल्या मागे कुणी नसलं म्हणजे झालं.

ती शेवटी जाऊन टेकते न टेकते तोच उषाबाईची लेक छबी धावत आली आणि तिच्या मागे फतकल मारून बसली.

“तू पुढं जा, बाळा.”

“न्हाई. माझा नंबर मावशीच्या मागं. मला हनुवटीवर ठिपका पायजे. मी तुझ्यासारखी भ्यायची न्हाई!”

“मंग मी तुझ्या मागं बसते.”

“मंग मी परत तुझ्या मागं!”

छबीला वाटलं, खेळच चालला आहे. एकमेकींच्या मागे जाता जाता दोघी पार बाभळीच्या काट्यांपाशी पोचल्या. सगळी रांग वळून बघत हसू लागली. तिकडे गोंदणारीने सुई काजळात बुडवली.

नंदाबाई उठून उभी राहिली.

“बाई, थांब जरा. आक्का, मला सुईचं भ्या न्हाई. माझ्या रक्तात एचआयव्ही हाय. मला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली, तर त्याच्या रक्तात जाऊ शकतो तो. अन् माझ्या मागं छबी बसलीय.”

हसू थांबलं. मालनबाईने पदर आवरला आणि ती वीतभर बाजूला सरकली.

उषाबाई उठून तिच्यापाशी आली. “अन् संग जेवल्यानं?”

“बिलकुल न्हाई. शिवल्यानं बी न्हाई. डॉक्टरीणबाईनं बराबर सांगितलंय.”

“मंग दिवाळीपासून माझ्या ताटात जेवून राह्यलीस, अन् मलाच बोलली न्हाईस?”

“तू गेली असतीस, तर मी अर्धीच राह्यले असते.”

“अन् मी कोण, सबंध हाय का? मी बी अर्धीच की!” उषाबाई कडाडली. “तुला सोडून कुणासंग काम करू? ह्या मालनबाईसंग? हिची मोळी तर डोक्यावर घेताच सुटती!”

सगळ्यांत आधी फिस्सकन हसली ती मालनबाईच. सरकलेली वीत काही तिने भरून काढली नाही, पण हसली. मग सगळी रांगच हसली.

“आता ही एकच सुई कुणालाच नको,” उषाबाईने गोंदणारीला सांगितलं. “समद्यांना नुसत्या काजळानं काढ.”

“दोन दिसांत धुऊन जाईल, बाई.”

“जाऊ दे. परत काढू.”

छबीला यातलं थोडंच समजलं होतं. पण तिचा ठिपका अजून राहिलाच होता. ती रांग मोडून पुढे आली आणि गोंदणारीपुढची वाटी तिने उचलली. मावशीचा हात ओढून तिला खाली बसवलं. तिचं बोट काजळात बुडवलं, आणि आपली हनुवटी पुढे करून डोळे घट्ट मिटले.