आठवी तबकडी

जिन्याखालच्या कपाटात नेटवर्कचा एक स्विच, त्याला केबल खोचायचे आठ पोर्ट, आठ निळ्या केबली. प्रत्येक केबल वृद्धाश्रमाच्या छताला लावलेल्या एकेका पांढऱ्या वायफायच्या तबकडीपर्यंत गेलेली. सात तबकड्या मुख्य इमारतीत, आठवी अंगणापलीकडच्या एकट्या खोलीत. तबकड्यांना विजेची वेगळी जोडणी नव्हती. इंटरनेट आणि वीज दोन्ही त्याच केबलीतून जात. स्विच सगळ्यांना मिळून एकशेवीस वॅट देऊ शकत होता. हे सारं तिनंच दीड महिन्यापूर्वी बसवलं होतं, आणि तक्रार आली म्हणून आज रविवारी ती परत आली होती.

"काय हो वायरबाई," मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमचं यंत्र नेमकं आजोबांवरच का रुसतं? रविवारी चार वाजले की बाकीच्यांचं पोराबाळांशी तासतासभर गुलुगुलु चालू असतं."

ती अंगण ओलांडून गेली. आजोबांनी उभी हयात घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांनी वही पुढे केली. रविवार, ४.०६ बंद, ४.५३ चालू. पुढचा रविवार, ४.०४ बंद, ४.५५ चालू. असे सहा रविवार. मधल्या एकाही वारी काही नाही.

"लेक रविवारी चारला फोन करते," ते म्हणाले. "म्हणजे करत असणार. नेमकं तेव्हाच हे डोळे मिटतं. तिला वाटत असेल, म्हातारा उचलत नाही."

"तुम्ही का नाही लावत?"

"ती कामात असते गं. तिनंच सांगितलंय, मीच करीन म्हणून."

"आणि नंतर सुरू झालं की, चुकलेला फोन दिसतो का टॅबवर?"

"ते मला कुठलं बघता येतंय," आजोबा म्हणाले आणि त्यांनी टॅब पालथा ठेवला.

चार वाजता ती कपाटापाशी लॅपटॉप घेऊन बसली. आठ ओळी, आठ आकडे. बसवलं त्या मंगळवारी दुपारी तिनं मोजलं होतं: प्रत्येकी सात वॅट, आठ साते छप्पन्न. एकशेवीसात लोळायला जागा होती. आता मात्र सात ओळी एकामागून एक चढत गेल्या. चौदा, सोळा, सतरा. सातांचे मिळून एकशेएकोणीस झाले आणि आठवीसाठी एक वॅट उरला. वीज कमी पडली की स्विच शेवटचा पोर्ट आधी तोडतो. ४.०५ ला आठवी ओळ शून्यावर आली.

तिचे कान गरम झाले. त्या मंगळवारी दुपारी सगळा आश्रम जेवून झोपला होता.

"चूक माझीच, आजोबा," परत जाऊन ती म्हणाली. "सगळे झोपलेले असताना मी माप घेतलं."

आजोबा पहिल्यांदा हसले. "टेबलावर मिळवलेलं घड्याळ मनगटावर गेलं की मागे पडतं. नव्या कारागिराचं हे ठरलेलंच. मीही खाल्ल्यात शिव्या. बरं, माझ्या एकट्याला किती लागेल?"

"नुसती चालू असते तेव्हा सात. तुम्ही बोलायला लागलात की अकरा-बारा."

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

पुढच्या रविवारी तिनं सकाळीच दोनशेचाळीस वॅटचा स्विच बसवला. चारला पाच मिनिटं असताना ती आजोबांच्या खोलीत पोचली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी केली होती, टॅब घड्याळाला टेकवून उभा केला होता. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर लॅपटॉप उघडून बसली.

चार वाजून दहा मिनिटांनी सात ओळी सतरावर होत्या. अंगणापलीकडून कुणाच्या तरी नातवाचं गाणं ऐकू येत होतं. आठवी ओळ: ७.२. तबकडीचा दिवा हिरवा.

"जात नाही ना आता?"

"नाही जात."

वीस मिनिटं झाली. आजोबांनी टॅब किंचित डावीकडे सरकवला, मग पुन्हा होता तिथे आणला.

"बारीकसं काही राहिलं असेल. बघ तरी."

तिनं स्वतःचा फोन त्याच तबकडीला जोडला आणि तीस सेकंद एक व्हिडिओ लावला. आकडा ११.६ वर गेला. व्हिडिओ थांबवला. ७.२.

आजोबा त्या आकड्याकडे बघत होते.

पावणेपाचला अंगणापलीकडचे आवाज कमी झाले. सात ओळी हळूहळू उतरू लागल्या.

"मेट्रनबाईंना काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्त झालं म्हणून."

"सांगायलाच हवं का?"

तिनं लॅपटॉप मिटायला हात नेला.

"थांब, पाच होऊ देत," आजोबा म्हणाले. "अर्धवट माप कामाचं नाही."

पाच वाजले. त्यांनी वही उघडली, चष्मा पुसला.

"हं, सांग."

"चार ते पाच, एकदाही बंद पडली नाही."

"आणि आकडा?"

"७.२. मी व्हिडिओ लावला ती तीस सेकंदं सोडून."

"ती सोडूच," आजोबा म्हणाले. आणि त्यांनी आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: रविवार. ४.०० ते ५.००. अखंड चालू. ७.२ वॅट.