ब्रेकचे दिवे

बायको गेल्यापासून गाडीला एकच खोड लागली होती. चालताना कुरकुर नाही, पण थांबवायला गेलं की इंजिन बंद. उद्या ती लेकीच्या हवाली करायची होती आणि लेकीचा रस्ता ट्रकांचा. म्हणून म्हातारा सकाळीच गॅरेज उघडायच्या आधी येऊन उभा राहिला.

दुपारी मेकॅनिकने एक रबरी नळी त्याच्यासमोर धरली.

"काका, हिला चीर गेली होती. ब्रेक दाबला की इथून हवा शिरायची आणि इंजिन जीव टाकायचं. नवी घातलीय. आता दहा मिनिटं नुसती चालू ठेवा. कशालाही पाय लावू नका."

म्हातारा आत बसला. इंजिन एका सुरात चालत होतं.

"काका, पाय काढा," मागून मेकॅनिक म्हणाला. "ब्रेकचे दिवे लागलेत."

"पाय लावलाच नाही रे."

"मग काय दिवे हौसेने लागले?"

म्हाताऱ्याने दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. खाली ब्रेकचं पेडल अर्धं दबलेलं होतं.

बायको शेजारी बसली की अशीच पायाने ब्रेक दाबल्यासारखं करत यायची. तिच्या बाजूला ब्रेक नाही, हे तिला जन्मभर पटलं नाही.

"अगं, सोड," तो हळूच म्हणाला. "गाडी उभीच आहे."

पेडल सावकाश वर आलं.

"हां, विझले बघा," मेकॅनिक म्हणाला.

म्हाताऱ्याने रिकाम्या सीटकडे न बघताच सांगितलं, "उद्यापासून लेक चालवणार आहे."

पेडल खाडकन तळाला गेलं आणि इंजिन बंद पडलं.